कूड : भिंत की खोली?



सोलापूरच्या भवानी पेठेत विणकरांच्या एखाद्या बोळात सकाळच्या वेळी शिरा. मागांचा खटखटाट कानांवर पडेल. त्या खटखटाटातून उंबऱ्यात बसलेल्या आजीबाईंचे तेलुगू बोलणे ऐकू येईल. तीच आजी दारावर आलेल्या भाजीवालीशी मराठीत घासाघीस करील, आणि तिचा नातू आत बसून मराठी कविता पाठ करीत असेल. ह्या मंडळींचे पूर्वज तेलंगणातून आले. येताना त्यांनी दोन गोष्टी बरोबर आणल्या : हातांतले विणकाम आणि मनातला मार्कंडेय. नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा सारे शहर तो पाहायला लोटते. आलेल्या लोकांचा देव आज गावचा उत्सव होऊन बसला आहे.

आता प्रश्न असा की, परक्या मुलखात पोट भरायला गेलेल्या माणसाला त्याचा धर्म नेमके काय देतो? तो त्याला नव्या लोकांत मिसळायला मदत करतो, की आपल्याच चार माणसांत कोंडून ठेवतो? प्रश्न आपल्या घरचाच आहे. पण घरची गोष्ट फार जवळ असली म्हणजे नीट दिसत नाही. म्हणून आज शेजारच्या घरची गोष्ट सांगतो. ती आहे गोव्याहून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती मंडळींची, आणि त्यांच्या 'कुडी'ची.

कूड हा शब्द आपल्याला ठाऊक आहे. खेड्यातल्या घराला काट्याकुट्यांची, वर माती लिंपलेली भिंत असते, तिला आपण कूड म्हणतो. कोंकणी भाषेत मात्र कूड म्हणजे खोली. एकाच शब्दाचा एकीकडे अर्थ भिंत, दुसरीकडे अर्थ खोली! ही जोडी ध्यानात असू द्या; शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

आधी हे लोक गाव सोडून का निघाले ते पाहू. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. सासष्टी आणि बारदेश हे दोन तालुके १५४३ साली त्यांच्याकडे गेले आणि पुढे तिथली बहुतेक वस्ती ख्रिस्ती झाली. जमीन थोडी, माणसे पुष्कळ, उद्योगधंदा नाही. तशात १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत एक करार झाला. गोव्यातले मिठाचे उत्पादन आणि व्यापार इंग्रजांच्या ताब्यात गेला, दारूच्या धंद्यावरही बंधने आली. मिठागरांवर आणि माडांवर जगणाऱ्या घरांना त्याची झळ लागली. हा करार १८९२ साली संपला, पण तोवर घरातला कर्ता मुलगा बाहेर जाण्याची वाट पडून गेली होती. त्याच सुमारास मुरगावची रेल्वे घाट चढून ब्रिटिश मुलखातल्या रेल्वेला मिळाली. मुंबई जवळ आली.

मुंबईत काम कसले मिळे? बोटीवर खलाशी, आचारी, साहेबाच्या घरी बटलर, कुठे शिंपी, कुठे कारकून, कुठे बँडमध्ये वाजवणारा, बायकांना आयेचे काम. ह्या कामांत त्यांचा धर्म त्यांना कसा उपयोगी पडला पाहा. इंग्रजाच्या बोटीवर किंवा बंगल्यात गाईचे आणि डुकराचे मांस शिजे. त्या काळचा हिंदू आचारी एकाला शिवत नसे, मुसलमान दुसऱ्याला. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला दोन्हींचा विधिनिषेध नव्हता. साहेबाच्या स्वयंपाकघराचे दार त्याला सहज उघडले.

दुसरी गोष्ट संगीताची. गोव्यातल्या चर्चला जोडून शाळा असत. त्यांत प्रार्थनेची गाणी म्हणता यावीत म्हणून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवीत, व्हायोलिन शिकवीत. हेतू देवाच्या सेवेचा. पण पोरगा मुंबईला आला की तीच विद्या त्याचे पोट भरू लागे. हॉटेलातले बँड, मूकपटांपुढे वाजणारे वाद्यवृंद आणि पुढे हिंदी चित्रपटांचे संगीत, ह्या सगळ्यांत गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा आहे. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस ह्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. मुलगा मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नामवंत व्हायोलिनवादक झाला आणि १९५८ साली त्याने आपले राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा प्रयोग केला. १९७७ च्या एका हिंदी चित्रपटातल्या गाण्याने त्यांचे नाव घरोघर गेले. ते नाव खऱ्या माणसाचे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

पण काम मिळाले तरी रात्री पाठ टेकायची कुठे? खलाशी आठनऊ महिने समुद्रावर. परत आला की पुढची बोट मिळेपर्यंत काही आठवडे, काही महिने शहरात काढायचे. भाड्याची खोली घ्यावी तर वर्षातला बराच काळ ती रिकामी राहणार. तेव्हा एका गावच्या लोकांनी मिळून एक खोली घ्यायची, थोडी थोडी वर्गणी काढायची आणि गावचा जो कोणी शहरात येईल त्याने तिथे उतरायचे, अशी तोड निघाली. ही कूड. इंग्रजीत तिला क्लब म्हणू लागले. धोबी तलाव, माझगाव ह्या भागांत अशा कुडी शेकड्यांनी होत्या. धोबी तलावावरच्या जेर महाल ह्या जुन्या इमारतीत तर एकाच छपराखाली अनेक गावे नांदत.

कूड आतून कशी असे? भिंतीशी ओळीने ट्रंका लावलेल्या. प्रत्येकाची एक ट्रंक, तेच त्याचे घर. रात्री ट्रंकेपुढे चटई पसरायची आणि झोपायचे. एका टोकाला वेदी. तीवर मारियामाउलीची आणि गावच्या चर्चच्या पालक संताची मूर्ती. भिंतीवर नियम लिहिलेले. संध्याकाळी ठराविक वेळी सगळ्यांनी वेदीपुढे गुडघे टेकून जपमाळेची प्रार्थना करायची. ती चुकवली, दारू पिऊन दंगा केला, तर दंड. गावच्या संताचा सण आला म्हणजे त्याचे फेस्त मुंबईतही व्हायचे.

वरवर पाहता ही नुसती भक्ती. पण जरा खोलात पाहा. संध्याकाळी सगळे एकत्र आले म्हणजे कोण आला नाही ते आपोआप कळे. आजारी आहे का? जुगाराच्या अड्ड्यावर गेला का? प्रार्थना झाली की बोलणी सुरू होत. कोणत्या बोटीवर माणसे घेताहेत, कोणत्या साहेबाला आचारी हवा आहे, गावाकडून कोण आले, कोणाचे पत्र आले. नोकरीची बातमी मिळायची जागा तीच, पत्र यायचा पत्ता तोच. आजाऱ्याला इस्पितळात नेणारे तेच आणि कोणी मेला तर त्याला मूठमाती देणारेही तेच. वर्गणीतला काही पैसा गावच्या चर्चकडे, गावच्या शाळेकडे जाई. एकंदरीत बँक, विमा, नोकरीची कचेरी आणि धर्मशाळा अशी चार कामे एका खोलीत चालत. आणि त्या सगळ्यांना एकत्र बांधणारे सूत होते ती संध्याकाळची जपमाळ.

इथे एक विचार करण्यासारखा आहे. अनोळखी शहरात माणूस माणसावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवतो? गावात आपण एकमेकांचे बाप-आजे ओळखतो. शहरात ती सोय नाही. 'हा रोज आमच्याबरोबर प्रार्थनेला बसतो' हीच तिथे जामीनकी होते. धर्माने नवख्या माणसाला दिलेली ही पहिली देणगी आहे.

हे काही गोव्याच्या लोकांपुरतेच नाही. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडचे लाखो लोक अमेरिकेत गेले. तिथे त्यांनीही आधी आपले चर्च धरले आणि चर्चच्या आधाराने शाळा, मदतफंड उभे केले. परमुलखात माणूस आधी आपले देऊळ शोधतो, मग दुकान.

पण श्रोतेहो, गोष्ट इथे संपली असती तर फार गोड झाली असती. ती तशी नाही.

मुंबईत गोव्याचे ख्रिस्ती येण्यापूर्वीही ख्रिस्ती होतेच. मुंबई, साष्टी, वसई, ठाणे ह्या भागांत पोर्तुगीजांचा अंमल १५३४ च्या तहापासून होता. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मुंबई बेट त्याच्या आधीच इंग्रजांकडे गेले होते. तिथले कोळी, कुणबी, शेतकरी जे ख्रिस्ती झाले ते आपल्याच मातीचे लोक. त्यांची बोली मराठी, लग्नातली गाणी मराठी. आता ह्या मंडळींत गोव्याचे ख्रिस्ती येऊन मिळाले. धर्म एक, पंथ एक, संतही तेच. वाटावे की दोघे दुधात साखर विरघळावी तसे मिसळले असतील.

झाले उलटेच. इंग्रज साहेब दोघांनाही 'पोर्तुगीज' म्हणे. नोकऱ्या थोड्या आणि मागणारे दोघे. स्थानिक ख्रिस्ती म्हणू लागले, आम्ही इंग्रजांची जुनी प्रजा, हे पोर्तुगीज मुलखातून आलेले. आम्हाला एका मापाने का मोजता? १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव होता. त्या वर्षी स्थानिक मंडळींनी आपली संस्था काढली आणि स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नवे नाव घेतले. पाहा तर खरे! शेकडो वर्षे ह्याच मातीत राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या लोकांना इंग्रजी नाव घ्यावेसे वाटले, ते धर्मबंधूंहून आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठी. धर्म एक असला म्हणून भाकरीचा प्रश्न सुटत नाही.

त्यात चर्चमध्येही दुफळी होती. मुंबईच्या काही चर्चवर गोव्याच्या आर्चबिशपांची, म्हणजे पर्यायाने पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्यांची सत्ता; काहींवर थेट रोमने पाठवलेल्यांची. १७९४ पासून १९२८ पर्यंत एकाच शहरात एकाच पंथाच्या अशा दोन सत्ता चालत होत्या. चर्च कोणाचे ह्यावरून वर्षानुवर्षे भांडणे झाली. आणि जात? ती बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेली असे म्हणावे, तर पुष्कळ ठिकाणी गोव्याच्या ख्रिस्ती समाजात ब्राह्मण, चारडो, शूद्र हे भेद उरलेच, आणि काही कुडींच्या दारातही ते उभे राहिले. गावाचा आधार आणायचा म्हटला की गावाचे दोषही ट्रंकेत भरून येतात.

म्हणजे कूड ही खोलीही होती आणि भिंतही होती.

मग ही मंडळी मुंबईची झाली कशी? कुडीतून बाहेर पडण्याच्या वाटा होत्या म्हणून. पहिली वाट रंगभूमीची. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत लुकासिन्यो रिबेरो ह्यांनी पहिले कोंकणी 'तियात्र' केले. मौजेची गोष्ट अशी की, आज गोव्याचा म्हणून जो नाट्यप्रकार प्रसिद्ध आहे, तो परगावी गेलेल्या गोवेकरांनी मुंबईत जन्माला घातला. माणूस घर सोडतो तेव्हाच त्याला घराची भाषा ऐकू येऊ लागते.

दुसरी वाट सगळ्यांना खुल्या असलेल्या भक्तीची. वांद्र्याच्या टेकडीवर मारियामाउलीचे देवालय आहे. आपले लोक तिला 'मोत माउली' म्हणतात. सप्टेंबरमध्ये तिची जत्रा भरते. तिथे गोव्याचा, वसईचा, हिंदू कोळी, पारशी, सगळेच मेणबत्ती लावतात. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. तिथेही नवस बोलणाऱ्याला कोणी त्याचा धर्म विचारीत नाही. वेदी कुडीत होती तोवर ती गावाची होती. ती टेकडीवर गेली तेव्हा शहराची झाली.

तिसरी वाट नागरिकत्वाची. गोवा परकीय सत्तेखाली असताना गोव्याच्या मुक्तीची चळवळ मुंबईतल्या गोवेकरांनी उचलून धरली. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा ह्यांनी १९२८ साली गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली. पोर्तुगिजांनी त्यांना कैद करून पोर्तुगालला नेले. शेवटची वर्षे त्यांनी मुंबईत काढली आणि १९५८ साली तिथेच देह ठेवला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पोर्तुगालचा राजा आणि ख्रिस्ती धर्म ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशा माणसांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले. आणि कराचीत, गोव्याहून गेलेल्या कुटुंबात १९०० साली जन्मलेले व्हॅलेरियन ग्रेशियस १९५० मध्ये मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झाले. परगावी गेलेल्या घरातला मुलगा त्या शहराच्या चर्चचा धनी झाला.

आता ह्याच गोष्टीची दुसरी बाजू. काही माणसे गाव न सोडताही परकी होतात. नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत अमेरिकन मराठी मिशनचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. सोलापुरात ते १८६० नंतरच्या दशकात आले. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतले बरेच लोक ख्रिस्ती झाले. त्यांनी गाव सोडले नव्हते. पण आधी वेशीबाहेर होते ते आता रूढीच्याही बाहेर गेले. दुष्काळ आला, सोलापुरात गिरण्या निघाल्या, मिशनच्या शाळा निघाल्या, आणि त्यांतले पुष्कळ शहरात आले. त्यांना प्रार्थना कोणत्या सुरात करावी हा प्रश्न होता. परदेशी चालीवर बसवलेली गाणी ओठांवर येत, पण काळजात उतरत नसत.

हे ज्यांनी ओळखले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावी ब्राह्मण घरात जन्म, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, पुढे नगरला वास्तव्य. घरादाराने पाठ फिरवली, पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे दूर राहिल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे सांगायला नको. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणली, कीर्तनात आणली, टाळमृदंग चर्चमध्ये नेले. देव नवा असेल, पण त्याला हाक मारायची ती आईच्या भाषेत, एवढीच त्यांची शिकवण. १९१९ साली ते वारले. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये अजून म्हटली जातात.

टिळकांच्याही आधी तीनशे वर्षे हे एका परदेशी माणसाला कळले होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्याला आला. तो खरा परमुलखात आलेला ख्रिस्ती. इथली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचून त्याने १६१६ साली रायतूरला छापले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की लोकांनी कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलावे. दोन्ही गोष्टी एकाच धर्माच्या नावाने घडल्या. एकाने लोकांची भाषा घेतली, दुसऱ्याने ती काढून घेऊ पाहिली. ख्रिस्तपुराण आजही महाविद्यालयांतून अभ्यासले जाते. फर्मानाचे काय झाले? गोव्यात आजही घरोघर कोंकणी बोलतात.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. धर्म नवख्याला मिसळू देतो की कोंडतो? उत्तर असे दिसते की, पहिल्या पिढीला तो खोली देतो. जिथे ट्रंक ठेवावी, जिथे आपले नाव घेऊन कोणी हाक मारावी, अशी एक जागा. ती नसेल तर माणूस शहरात मोडून पडतो. 'हे लोक आपले आपलेच राहतात' असे म्हणून त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्याला बसायला जागा नाही तो पाहुण्याला कुठे बसवणार? खोलीला दार मात्र हवे. भाषेचे दार, शाळेचे दार, जत्रेचे दार. दार उघडे राहिले तर दुसऱ्या पिढीत खोली घर होते. ते बंद झाले तर तिसऱ्या पिढीत तीच खोली भिंत होते. आणि दार काही एकट्या आतल्या माणसाने उघडायचे नसते. १८८७ सालची गोष्ट आठवा; तिथे बाहेरच्या माणसांनीही कडी लावली होती.

आज मुंबईत कुडी फार थोड्या उरल्या आहेत. वर्गणीच्या पैशात इमारती सांभाळणे कठीण, जागांचे भाव आभाळाला भिडलेले, आणि गोव्याची मुले आता थेट आखाती देशांत, इंग्लंडात जातात. उरलेल्या कुडींत बोटीची वाट पाहणारा एखादा खलाशी अजून उतरतो आणि संध्याकाळी वेदीपुढे बसतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. आपल्या वर्गात एके दिवशी मुलांना विचारा, 'तुमचे आजे-पणजे कुठून आले? येताना काय घेऊन आले?' सोलापूरसारख्या ठिकाणी कोणी तेलंगणाचे नाव सांगेल, कोणी विजापूर-कलबुर्गीकडचे, कोणी मराठवाड्यातले. कोणी विणकामाचे हत्यार सांगेल, कोणी देव्हारा, कोणी एखादे गाणे. फळ्यावर ती यादी लिहा. मग मुलांना दुसरा प्रश्न विचारा : 'आणि ते आले तेव्हा त्यांना दार कोणी उघडले?' ह्या प्रश्नाचे उत्तर मुले घरी जाऊन विचारतील. भवानी पेठेतल्या त्या उंबऱ्यावरच्या आजीबाईंना ते नक्की माहीत असेल, आणि त्या ते मराठीत सांगतील.